सोळा स्पीकर, एक खोली : प्रस्तावना

आवाजाचे काम म्हटले की मुंबईत पहिला प्रश्न निघतो तो वॉटचा. किती हजार वॉट, टॉप किती, बेस किती, स्पीकरची भिंत किती उंच. लालबाग-परळच्या मिरवणुकांत वाढलेल्या माणसाच्या हा प्रश्न इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यामागचे गणित कोणी मांडून पाहत नाही. गणित असे आहे : ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा म्हणून ॲम्प्लिफायरची ताकद साधारण दसपट करावी लागते. शंभर वॉटचे हजार, हजाराचे दहा हजार. या वाटेने जाणाऱ्याचा खिसा तर रिकामा होतोच, वर शेजारपाजारही दुरावतो.

ही पुस्तिका उलट्या वाटेने जाते. एका मोठ्या आवाजाऐवजी पुष्कळ लहान आवाज घ्यायचे, प्रत्येकाला स्वतःचा स्पीकर आणि स्वतःची जागा द्यायची, आणि ऐकणाऱ्याला त्यांच्यामधून हवे तसे फिरू द्यायचे. खुर्च्या नाहीत, रंगमंच नाही, पडदा उघडण्याची वेळ नाही. कलादालनांत याला ध्वनी-मांडणीशिल्प म्हणतात. ते थोडक्या पैशांत, गिरगाव-दादरच्या एखाद्या खोलीत, शाळेच्या वर्गात किंवा मंडळाच्या कार्यालयात कसे उभे करायचे, हा या पुस्तिकेचा विषय. चित्रकलेचे विद्यार्थी, नाटकवाले आणि मंडळांचे कार्यकर्ते असे तिन्ही प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

या कलाप्रकाराचा इतिहास पाहिला की आधी मोठमोठे खर्चच दिसतात. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीकडून एक दालन बांधून घेतले. त्यात संगीतकार एडगार वारेझ यांची रचना शेकडो स्पीकरमधून भिंतींवरून धावत जाई. असे काम कंपनीच्या तिजोरीशिवाय होत नाही. पण २००१ मध्ये जॅनेट कार्डिफ या कॅनडाच्या कलावतीने केलेली रचना आपल्याला जास्त शिकवते. सोळाव्या शतकातले टॉमस टॅलिस यांचे चाळीस आवाजांसाठी लिहिलेले एक स्तोत्र तिने घेतले आणि प्रत्येक गायकाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला. चाळीस स्पीकर माणसाच्या उंचीच्या स्टँडवर लंबवर्तुळात उभे राहिले. मध्ये उभे राहिले तर अख्खा गायकवृंद ऐकू येतो, एका स्पीकरजवळ गेले तर एकच गायक, त्याच्या श्वासासकट. गाण्याआधीचे खाकरणे आणि कुजबुजही तिने काढून टाकलेली नाही. हे सगळे घडते ते स्पीकर कुठे ठेवले आणि माणूस किती जवळ जाऊ शकतो यामुळे. वॉटचा त्यात काही संबंध नाही.

आपल्या शहरातले उदाहरण शिल्पा गुप्ता यांचे. मुंबईत जन्मलेल्या, सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या या कलावतीने कवितेपायी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींवर एक मांडणी केली. शंभर टोकदार सळ्या, प्रत्येक सळीवर खोचलेला एक कागद, त्या प्रत्येकावर उलटा टांगलेला एक मायक्रोफोन. हे मायक्रोफोन ऐकत नाहीत, बोलतात. एका ठिकाणाहून एक आवाज ओळ म्हणतो आणि बाकीचे आवाज ती उचलतात. २०१८ च्या कोची बिएनालेत आणि पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये हे काम जगाने पाहिले. मायक्रोफोनने बोलण्यात जादू काहीच नाही. डायनॅमिक मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्या पोटात एकच यंत्रणा असते : लोहचुंबक, तारेची गुंडाळी आणि हलणारा पडदा. वीज दिली की बोलतो, आवाज दिला की वीज देतो. हे कळले की भंगारातल्या वस्तूकडे पाहण्याची नजरच बदलते.

भंगाराची वाट डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन वादक-रचनाकाराने मळून दिली. १९७३ च्या 'रेनफॉरेस्ट'मध्ये त्याने तरुण सोबत्यांना घेऊन पत्र्याचे डबे, पिंपे, लाकडी वस्तू छताला टांगल्या, प्रत्येकीला आवाजाने थरथरवणारे यंत्र चिकटवले आणि त्या वस्तूंनाच स्पीकर केले. हाच ट्यूडर १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन मूग सिंथेसायझर बसवून गेला होता. तिथे त्या काळात झालेल्या भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताच्या टेप अनेक वर्षे कपाटात पडून होत्या. आता त्या प्रकाशित झाल्या आहेत. म्हणजे हा प्रकार काल-परवा परदेशातून आला असे समजायचे कारण नाही.

आणि लालबाग-परळच्या गिरणगावाला तर ही विद्या शिकवायलाच नको. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला. लालबागचा राजा १९३४ चा. पुढच्या काळात या पट्ट्यातल्या मंडळांनी हलत्या देखाव्यांची परंपरा उभी केली. निवेदन टेपवर, दिव्यांचा क्रम ठरलेला, मूर्तींच्या हालचाली मोटर आणि दोऱ्यांवर. गिरणीत फिटर नाही तर वायरमन म्हणून राबणारे हातच रात्री मंडपात काम करत. देखाव्याची रचना नीट पाहा : दहा-पंधरा मिनिटांचा खेळ दिवसभर फिरत राहतो, प्रेक्षक रांगेने येतो, मध्येच शिरतो, पाहतो आणि पुढे सरकतो. मांडणीशिल्पाचा कणा तो हाच. डबलबारी भजनातही दोन बुवा समोरासमोर बसतात आणि श्रोता मध्ये असतो, डाव्या कानाला एक पक्ष आणि उजव्या कानाला दुसरा. परळच्या दामोदर नाट्यगृहात आणि चाळींच्या पटांगणांत कोकणातल्या चाकरमान्यांनी दोन बाजूंनी येणाऱ्या आवाजाची गंमत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली आहे.

आता मुद्द्याचे गणित. समजा एका मोठ्या खोलीत सोळा लहान स्पीकर ठेवले आहेत आणि प्रत्येकातून वेगळा माणूस बोलतो आहे. प्रत्येकाचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल, म्हणजे समोर बसून गप्पा माराव्यात इतका. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून चार मीटरवरच्या स्पीकरचा आवाज तुमच्या कानाशी ४८ डेसिबल उरतो. तुम्ही एकापासून एक मीटरवर उभे आहात आणि बाकीचे पंधरा सरासरी चार मीटरवर आहेत असे धरा. पंधरा वेगवेगळे आवाज मिळून एकट्यापेक्षा सुमारे १२ डेसिबलने वाढतात, म्हणजे ६०. भिंतींचा घुमारा बाजूला ठेवला तर जवळचा एक माणूस आणि लांबचे पंधरा जण कानाशी अगदी बरोबरीत येतात. अर्धा मीटर पुढे झुका, तो एकटा वर येतो आणि त्याचे वाक्य कळू लागते. एक पाऊल मागे घ्या, तो गर्दीत विरघळतो. प्रेक्षकाच्या एका पावलावर सगळे चित्र पालटते आणि त्यासाठी एकही जादा वॉट लागत नाही. वॉट विकत घ्यावे लागतात, अंतर मात्र खोलीबरोबर आलेले असते. मुंबईत खोलीच मिळत नाही ही गोष्ट वेगळी, पण दहा बाय बाराच्या खोलीतही चार स्पीकरवर हा खेळ जमतो.

यातूनच एक नियम निघतो आणि तो मोडणारे पुष्कळ दिसतात. सोळाही स्पीकरना एकच आवाज देऊ नका. दहा मीटर अंतर कापायला आवाजाला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. इतक्या थोड्या फरकाने एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर कान दोन्ही एकत्र करतो आणि जो आधी पोहोचला त्याच्या दिशेचे श्रेय देतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या लेखी जवळचा एकच स्पीकर वाजतो आणि पंधरांचे पैसे पाण्यात जातात. स्पीकर सोळा असतील तर सांगण्यासारख्या सोळा गोष्टीही हव्यात.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर करायची. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून पत्ता विचारलात तर टॅक्सीवाल्याचे सोडा, दुकानदारही गोंधळेल. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालत गेले की झाले. तीन इंची स्पीकर, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून वाजणारे एमपी३चे किट, पीएएम ८४०३ चिपचा पाच व्होल्टवर चालणारा चिमुकला ॲम्प्लिफायर, ॲडॅप्टर, वायर. भाव हलते असतात, तरी एका ठिकाणाचा सगळा खर्च सातशे-आठशे रुपयांत बसवता येतो. सोळा ठिकाणांचे अकरा ते तेरा हजार झाले. जुन्या टीव्हीचे आणि मोटारींचे स्पीकर भंगारवाल्याकडून घेतले तर त्याहूनही कमी. घेताना प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर ४ ओहम आहे की ८ हे वाचा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २, आणि २ ओहमवर हे छोटे ॲम्प्लिफायर तापून बसतात.

एमपी३ किटांची एक खोड आधीच सांगून ठेवतो. त्यांतली बरीचशी किट चालू करताच बाईच्या आवाजात इंग्रजीतून 'ब्लूटूथ मोड' किंवा तत्सम घोषणा करतात. एक किट असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सोळा किटांना एकाच बटणावरून वीज दिली की सोळा बायका एकदम गरजतात आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे दचकतात. घोषणा न करणारे किट दुकानातच वाजवून निवडा, नाहीतर प्रेक्षक आत घेण्याआधी सगळे चालू करून ठेवा.

सर्वांत जास्त पैसे वाचतात ते मात्र दुकानात नव्हे, रचनेत. सोळा स्वतंत्र किट एकमेकांशी जुळून चालत नाहीत. प्रत्येकाचे घड्याळ किंचित वेगळे असते आणि तासाभरात त्यांची फारकत होते. सोळाही वाटा, म्हणजे चॅनेल, एका तालात हव्या असतील तर बहुवाटी ऑडिओ इंटरफेस लागतो आणि तो काही हजारांत येत नाही. म्हणून ताल जुळवण्याची गरजच पडू नये अशी रचना करायची. संगीतकार ब्रायन ईनोने १९७८ मध्ये विमानतळांसाठीच्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपची वेटोळी फिरवली होती. तीच युक्ती इथे कामी येते. एका किटवर ७ मिनिटांचे ध्वनिमुद्रण, दुसऱ्यावर ११, तिसऱ्यावर १३. तिन्ही पुन्हा एकाच क्षणी सुरू होतील ते १००१ मिनिटांनी, म्हणजे १६ तास ४१ मिनिटांनी. प्रदर्शन सकाळी अकरा ते संध्याकाळी सात असेल तर दिवसभरात तोच मेळ दुसऱ्यांदा ऐकू येत नाही. किटांची फारकत मग दोष राहत नाही, रचनेचा भाग होते. ज्यांना आठ वाटा एका तालात हव्याच आहेत त्यांनी ७.१चे स्वस्त यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. त्याला आठ वेगळ्या वाटा मिळतात. फक्त सबवूफरची वाट खर्जापुरती छाटली जात नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.

आता पेटीचे. नुसता उघडा स्पीकर वाजवून पाहा, आवाज पातळ येतो. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढली जाते. खर्जातल्या लाटा कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून पुढची आणि मागची हवा वेगळी करणारी पेटी लागते. प्लायवूडची पेटी उत्तमच, पण मडक्याच्या तोंडावर घट्ट बसवलेला स्पीकरही चांगले काम देतो. मडक्यातल्या हवेचा एक ठरलेला सूर असतो. पुरुषी आवाजातला तेवढाच सूर घुमतो आणि शब्द अस्पष्ट होतात. आत जुनी बनियन कोंबली की घुमणे आवरते. घुमणेच हवे असेल तर मडकी वाजवून, सूर पाहून निवडा.

ट्रंकेची गोष्ट याहून रंगतदार. चाकरमान्याच्या खाटेखाली असायची तशी पत्र्याची ट्रंक घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक्सायटर चिकटवा. एक्सायटर म्हणजे पडद्याविना स्पीकर. ज्याला चिकटेल त्याला पडदा करतो. झाकण बोलू लागते. बायकांचे आणि मुलांचे आवाज त्यातून स्वच्छ येतात, खर्ज लागला की कडी खडखडते. कडीखाली चिंधी लावली की ती गप्प होते. ट्रंकेत निम्म्यापर्यंत कपडे भरले की पत्र्याचा झणझणाट जातो आणि आतून कोणी बोलत असल्यासारखा आवाज येतो. एक्सायटर मधोमध न लावता कोपऱ्याकडे सरकवून पाहा. प्रत्येक चार बोटांवर आवाज बदलतो. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी कोणतेही पुस्तक उघडण्याआधी करावा.

वायरिंगच्या प्रकरणात मी हात आखडता घेतलेला नाही, कारण मांडण्या बंद पडतात त्या बहुतेक तिथेच. पाच व्होल्टची वीज बारीक वायरीतून लांब नेऊ नका. ०.२ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून दहा मीटरवर एक अँपिअर नेला तर जाण्यायेण्यात सुमारे १.७ व्होल्ट गळतो आणि टोकाला किट खरखरू लागते. १२ व्होल्ट न्या आणि ५ व्होल्ट जागेवर करा. २३० व्होल्ट भिंतीपाशीच थांबवा, प्रेक्षकांच्या पायांत येणारी वायर कमी दाबाचीच हवी. ॲडॅप्टर आणि लॅपटॉप वेगवेगळ्या प्लगांवर असले की ५० हर्ट्झची घुर्र ऐकू येते. सगळे एकाच ठिकाणाहून घेतले की बहुधा जाते. पावसाळ्यात कागदी पडदे मऊ होतात, पिना गंजतात. काम संपले की किट सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मंडपासारखे लांब अंतर असेल तर साउंडवाल्याला १०० व्होल्ट लाइनची पद्धत विचारा. अहुजाच्या ॲम्प्लिफायरवर वर्षानुवर्षे भोंगे लावणाऱ्या माणसाला ती पाठ असते, आणि त्याच्याकडे शिकण्यासारखे पुष्कळ असते.

मग वाजवायचे काय? गिरणगावात हा प्रश्न नाजूक आहे. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढच्या वर्षांत साचेखात्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज या भागातून कायमचा गेला. त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागे. आज तो हवा म्हणून कोणी भिवंडीच्या यंत्रमागांचे ध्वनिमुद्रण करून 'गिरणीचा आवाज' अशी पाटी लावली तर ती लबाडी होईल. भिवंडीचा आवाज भिवंडीचा म्हणूनच वाजवावा. त्यापेक्षा निवृत्त साचेवाल्याला विचारा की साचा कसा वाजायचा, आणि तो तोंडाने, बोटांनी जे करून दाखवील ते ध्वनिमुद्रित करा. वर्तमानातही पुष्कळ आहे : लालबागला मसाला कुटणाऱ्या डंकांचा ठोका, दादरच्या फूलबाजारातली पहाटेची ओरड, भुलेश्वरच्या घंटा, चाळीच्या जिन्यावरची पावले. ध्वनिमुद्रणाला फोन पुरतो, फक्त तो तोंडाजवळ धरा आणि पंखा बंद करा. ज्याचा आवाज घ्याल त्याची परवानगी घ्या, तो कुठे आणि किती दिवस वाजणार हे सांगा, आणि त्याला उद्घाटनाला बोलवा.

कायद्याची बाजूही थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणांसाठीची सूट वर्षातून मोजक्या दिवसांची आणि मध्यरात्रीपर्यंतचीच. शिवाजी पार्क २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरले होते. बंद खोलीत गप्पांच्या पातळीवर बोलणारे आपले स्पीकर या चौकटीत सहज बसतात. तरीही शेजाऱ्यांना आधी बोलावून ऐकवावे. परवानगीच्या कागदाने जे काम होत नाही ते एका चहाने होते.

पुस्तिकेची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात कान आणि अंतर, दुसऱ्यात खरेदी आणि जोडणी, तिसऱ्यात पेट्या, मडकी आणि पत्रा, चौथ्यात ध्वनिमुद्रण आणि रचना, शेवटच्या भागात जागा, वीज आणि प्रेक्षक. सोल्डर येत नसेल तर दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. येत असेल तर तो भाग सोडून द्या. चार स्पीकर घ्या, स्वतःच्या घरातल्या चार माणसांचे आवाज त्यांत घाला आणि आठवडाभर राहत्या खोलीत वाजवून पाहा. जागा बदला, आवाज कमी करा, पुन्हा कमी करा. चार स्पीकरची खोली ऐकवत नसेल तर सोळांचीही ऐकवणार नाही. ती जमली की मग पदरमोड करा, आणि येत्या गणेशोत्सवात आपल्या विभागातल्या एखाद्या मंडळाकडे जाऊन विचारा : स्पीकरच्या भिंतीच्या खर्चातला दहावा हिस्सा आणि मंडपाचा एक कोपरा आम्हाला द्याल का? मंडळांनी हो म्हणावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.